ब्रेक दाबला की पुढून ‘ठक्’ आवाज येतो, पॅड बदलूनही जात नाही. काय तपासावं?

तुम्ही लिहिलंय की गाडी 2017 ची पेट्रोल हॅचबॅक आहे, पुढे डिस्क आणि मागे ड्रम. पुढचे ब्रेक पॅड बदलून घेतल्यापासून ब्रेक दाबला की डाव्या बाजूने एकदाच ‘ठक्’ होतं आणि रिव्हर्स घेऊन पुन्हा पुढे निघालात की तर हमखास होतं. गॅरेजवाले आता पुढचं सगळं सस्पेन्शन बदला म्हणतायत. आणि तुम्हाला चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून कराडला वरचेवर जावं लागतं.

सस्पेन्शनचं सामान आत्ताच मागवू नका. मी स्वतः गॅरेजचं काम करतो. तुमच्या प्रश्नातल्या दोन गोष्टी मला फार महत्त्वाच्या वाटतात: आवाज पॅड बदलल्यावर सुरू झाला, आणि दिशा बदलली की येतो. ब्रेक घासत असेल तर ‘चीं’ किंवा ‘खर्र’ ऐकू येतं. ‘ठक्’ येतो तेव्हा कुठलातरी भाग मोकळा असतो, जोर आला की सरकतो आणि कशावर तरी आपटतो. म्हणजे शोधायचं एवढंच, की काय सरकतंय.

सगळ्यात आधी चाकाचे नट. चाक नुकतंच काढून बसवलंय, म्हणून गाडी रस्त्यावर काढायच्या आधी पाना लावून चारही चाकांचे नट तपासा. छोट्या गाड्यांना साधारण 85 ते 110 न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, लागतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. नट ढिला सापडला तर बाकीचं सगळं नंतर बघा.

नट ठीक असतील तर माझा पहिला संशय पॅडच्या क्लिपांवर आहे. कॅलिपर म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग. पॅड त्याच्या ब्रॅकेटमध्ये दोन्ही टोकांना असलेल्या कानांवर बसतो. गाडी पुढे जाताना ब्रेक दाबला की फिरणारी डिस्क पॅडला ओढून ब्रॅकेटच्या एका टोकाला टेकवते. रिव्हर्समध्ये तोच पॅड दुसऱ्या टोकाला जातो. हे थोडंसं सरकणं सगळ्याच गाड्यांत असतं आणि ते जाणवू नये म्हणून पॅडचे कान आणि ब्रॅकेट यांच्यामध्ये स्टीलच्या पातळ पत्र्याच्या क्लिपा असतात. त्या पॅडला धरूनही ठेवतात आणि सरकूही देतात. पॅड बदलताना या क्लिपा जुन्या पॅडबरोबर भंगारात जातात, किंवा वाकलेल्या असूनही तशाच बसवल्या जातात. मग ढिल्या चौकटीतल्या दारासारखा पॅड दिशा बदलली की एकदा आपटतो आणि त्यानंतर गप्प बसतो. तुमचं वर्णन याच्याशी बरोबर जुळतं. कधी क्लिपा जागेवर असतात, पण बाजारातल्या स्वस्त पॅडचे कान मापाला किंचित कमी भरतात. त्यानेही हाच आवाज येतो.

याची परीक्षा तुम्ही स्वतः करू शकता. मोकळं, सपाट मैदान बघा. काचा खाली, एसी आणि रेडिओ बंद. चालण्याच्या वेगात पुढे जाऊन ब्रेक दाबा, मग रिव्हर्स घेऊन दाबा, पुन्हा पुढे येऊन दाबा. आता दिशा न बदलता पुढेच जात दोन-तीनदा ब्रेक मारा. दिशा बदलल्यावर पहिल्याच ब्रेकला ‘ठक्’ आणि नंतरच्यांना काहीच नाही, असं असेल तर पॅड किंवा कॅलिपर. प्रत्येक ब्रेकला येत असेल तर लोअर आर्मचा (चाकाला खालून गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याचा) बुश, म्हणजे सांध्यातलं रबर, किंवा इंजिनचं माउंटिंग हे संशयित वर येतात. आता त्याच वेगात पाय न लावता फक्त हँडब्रेकने गाडी थांबवा, लिव्हरचं बटण दाबून धरून हळूहळू ओढा. हँडब्रेक मागच्या चाकांनाच लागतो, त्यामुळे आवाज बंद झाला तर दोष पुढे आहे हे बऱ्यापैकी पक्कं होतं.

खराब रस्त्यावरही कान द्या. खड्ड्यांतून जाताना खडखड होते आणि ब्रेकवर पाय नुसता टेकवला की थांबते, असं असेल तर ती पॅडची किंवा कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिनांची खडखड. पाय टेकवूनही चालूच राहिली तर सस्पेन्शनचे सांधे, म्हणजे लिंक रॉड, बॉल जॉइंट किंवा स्ट्रटचं (शॉकअॅब्सॉर्बरच्या खांबाचं) वरचं माउंटिंग बघायला लागेल.

आणखी एक परीक्षा, तिला दोन माणसं लागतात. सपाट जागेवर इंजिन बंद, गाडी न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. एकाने आत बसून ब्रेक दाबून धरायचा आणि दुसऱ्याने गाडी जोर लावून पुढे-मागे हलवायची. डाव्या चाकाशी उभं राहून बारीक ‘टक्’ ऐकू आला आणि चाक जागचं हललं नाही, तर पॅड. टायर आणि मडगार्ड यांच्यातली फट डोळ्यांना दिसेल इतकी कमी-जास्त होत असेल, तर लोअर आर्मचा मागचा बुश गेलाय. असं दिसलं तर गॅरेजवाल्याचं अर्धं म्हणणं खरं आहे, तरी सगळं सस्पेन्शन नव्हे, एक आर्म किंवा एक बुश. गाडी हलवताना चाकात हात घालू नका आणि गाडीखाली कुणी जाऊ नये.

आता गॅरेजला काय सांगायचं. चाक उघडा, कॅलिपर काढा आणि मला दाखवा, असं स्पष्ट म्हणा. चांगला मिस्त्री याला नाही म्हणत नाही. कॅलिपर काढल्यावर तो ब्रेकच्या पाइपवर लोंबकळत ठेवू नये, तारेने स्प्रिंगला अडकवावा. पॅड हाताने सरकवून बघा: बोटाने दाबल्यावर सरकला पाहिजे, पण वर-खाली डुलता कामा नये. क्लिपांखाली ब्रॅकेट गंजलं असेल तर तारेच्या ब्रशने घासून साफ करायला लावा. कोकणातल्या पावसाने आणि खाऱ्या हवेने तिथे गंजाचा थर चढतो, त्यावर नवीन क्लिप घातली तरी ती नीट बसत नाही. क्लिपांचा संच वेगळा मिळतो आणि त्याची किंमत सस्पेन्शनच्या खर्चापुढे काहीच नाही.

मग कॅलिपरच्या गाइड पिना. या दोन असतात आणि पुष्कळ गाड्यांत त्या एकसारख्या नसतात, एकीच्या टोकाला रबराची बाही असते. वरची खाली आणि खालची वर गेली, किंवा ती बाही हरवली, तर कॅलिपर खडखडतो. म्हणून काढण्याआधी फोनवर फोटो काढून ठेवा. पिना ओढल्यावर सहज सरकल्या पाहिजेत, रबरी बूट फाटलेले नसावेत आणि ग्रीस सिलिकॉनचंच हवं. साधं पिवळं ग्रीस मिस्त्री सवयीने लावतात. त्याने रबर फुगतं आणि पिन अडकते. पुढे पॅड वाकडे झिजतात आणि गाडी एका बाजूला ओढते. यावर मी जरा हट्टी आहे, ग्रीसचा डबा मागवून बघा, लाज वाटू देऊ नका. ब्रॅकेटचे दोन मोठे बोल्टही टॉर्कच्या पान्यानेच आवळायचे. सगळं बसवून झालं की इंजिन चालू करून पेडल कडक होईपर्यंत पंप करायचं आणि मगच गाडी हलवायची. पिस्टन आत ढकललेला असतो, त्यामुळे पहिल्या दाबाला पेडल थेट तळाला जातं.

मागच्या ड्रमबद्दल थोडक्यात. मागून हलक्या ब्रेकला ‘टुक्-टुक्’ असा चाकाच्या वेगाबरोबर बदलणारा आवाज येत असेल आणि ड्रम नुकताच लेथवर टर्न करून घेतला असेल, तर लेथच्या हत्याराने आत आटे पाडलेले असतात. ब्रेक शू त्यांच्यावर चढून बाजूला जातो आणि स्प्रिंगने खाली आपटतो. बारीक फिनिश कट मारून वर पॉलिशपेपर फिरवला की तो जातो. तुमचा आवाज पुढून आणि एकदाच येतो, म्हणून तुम्हाला यात पडायची गरज दिसत नाही.

एबीएसचा, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, आवाजही वेगळा असतो. भारतात एबीएस नव्या गाड्यांना एप्रिल 2019 पासून सक्तीचा झाला, तुमच्या 2017 च्या गाडीत मॉडेलप्रमाणे असेल किंवा नसेल. असल्यास गाडी सुरू करून निघताना एक बारीक ‘खट्’ येतो, तेव्हा एबीएस स्वतःची तपासणी करत असतो. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला की पेडल थरथरतं आणि खर्रर्र होतं. दोन्ही ठीक आहे, तेव्हा पाय उचलू नका.

घाटाचं मात्र मी गंभीरपणे सांगतो. पेडल आधीपेक्षा खाली जातंय, ब्रेक मारताना गाडी ओढतेय, ब्रेक ऑइलची पातळी उतरतेय किंवा आवाज दिवसेंदिवस मोठा होतोय, यातलं काहीही असेल तर कुंभार्ली चढायचा-उतरायचा नाही, गाडी जागेवरच तपासून घ्यायची. बॉल जॉइंटमध्ये खेळ सापडला तरी तेच, कारण तो सुटला तर चाक वाकडं पडतं आणि स्टेअरिंग हातात राहत नाही. असं काही नसेल तर ज्यांनी पॅड बसवले त्यांच्याकडूनच क्लिपा घालून घ्या, ते काम त्यांनी आधीच करायला हवं होतं.

आणि परीक्षेत लोअर आर्मच निघाला, तर बदलताना बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायला सांगा. चाक हवेत लटकत असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि नवा बुशही लवकर फाटतो. त्यानंतर व्हील अलाइनमेंट करून घ्या.