आजोबांचा कारवान आणि तुझ्या कोंबड्या

प्रश्न: ताई, आम्ही जत तालुक्यात गावाबाहेर वस्तीवर राहतो. घरात आम्ही दोघं, सासूबाई आणि दोन मुलं. थोरली नऊ वर्षांची, धाकटा चार. दारात पाच शेळ्या आणि वीसेक कोंबड्या. कोंबड्या माझ्या आहेत, अंड्यांचा पैसा माझ्या हातात येतो. यांना शिकारी कुत्रा पाळायचाय. यांच्या आजोबांकडे कारवान जातीचा कुत्रा होता, त्याचे किस्से ऐकतच हे मोठे झाले. मक्यात रानडुकरं घुसतात, ती कुत्रा हाकलेल असं यांचं म्हणणं. मित्र सशाच्या नादाला लावतील याची मला धास्ती वाटते. सासूबाई तर कुत्र्याचं नाव काढू देत नाहीत, कारण त्या कारवाननं थोरल्या दिरांना लहानपणी चावलं होतं. मला कुत्रा नको असं नाही, पण शिकारी कुत्रा घराला चालतो का? की सरळ लॅब्रॅडोर आणावा?
– वस्तीवरची सून

उत्तर: चालतो गं. कारवानच आणा, आणि जमलं तर मादी आणा. मात्र शिकारीसाठी आणू नका, आणि दिवसभर साखळीला ठेवणार असाल तर मुळीच आणू नका.

तुझ्या नवऱ्याची हौस पोकळ नाही. तुमच्याकडून कर्नाटकातलं मुधोळ फार लांब नाही. तिथल्या घोरपडे संस्थानिकांनी ही जात जपली म्हणून तिला मुधोळ हाउंडही म्हणतात. २००५ साली टपाल खात्यानं तिच्यावर तिकीट काढलं, पुढं सैन्यानंही ही कुत्री घेतली. आपल्या उन्हाला, भाकरीला, माळाला सरावलेली जात आहे. लॅब्रॅडोरही मुळात शिकाऱ्याचाच कुत्रा, गोळी लागून पडलेला पक्षी अलगद तोंडात धरून आणणारा. मुलांशी तो फार गोड वागतो, पण अंगावर दाट दुहेरी केस, आणि जतचा मे महिना त्याला सोसवत नाही. गावात पंख्याखाली राहणारं घर असतं तर मी लॅब्रॅडोरच म्हटलं असतं.

आमच्या वडिलांकडे राणी नावाची कारवान होती. घरात असली की असून नसल्यासारखी. आजीच्या खाटेखाली पाय पोटाशी घेऊन पडलेली असायची. पण हा कुत्रा नजरेवर शिकार करतो. लांब बांधावर काही हललं की राणी उठून उभी राहायची, कान ताठ, मागच्या मांड्यांची कातडी बारीक थरथरायची, आणि मग तुम्ही हाक मारा नाहीतर शिट्टी वाजवा, तिच्या कानापर्यंत काही पोचायचं नाही. एकदा दुपारी शेजारचा कोंबडा कुंपणावरून आत उडाला. मी ओरडेपर्यंत सगळं संपलं होतं. राणी तो तोंडात धरून माझ्याकडेच आली, शेपूट हलवत. तिनं तिचं काम केलं होतं. मार मात्र तिलाच बसला, आणि ते मला आजही लागतं.

म्हणून तुझ्या कोंबड्यांचा प्रश्न सगळ्यात आधी सोडवायचा. पिल्लू दोन महिन्यांचं असताना आणलं, पट्ट्यात धरून रोज कोंबड्या-शेळ्यांत फिरवलं, तर शेळ्यांची त्याला छान सवय होते. कोंबड्यांचं मी छातीठोक सांगणार नाही. कोंबडी फडफडली की रक्तातलं जागं होतं. दोघांना एकटं कधीच सोडायचं नाही, आणि पिल्लू येण्याआधी कोंबड्यांना वरून झाकलेली जाळी करून घ्यायची.

रानडुकराचा विचार तर नवऱ्याच्या डोक्यातून काढच. कारवानची कातडी पातळ, अंगावर चरबी नाही. डुकराचा एक सुळा लागला की पोट फाटतं. रात्री भुंकून तो तुम्हाला उठवेल, तेवढं पुरे. पिकाच्या नुकसानीसाठी वन खात्याकडे भरपाईचा अर्ज करता येतो, तो करा. आणि ससा? १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं त्याची शिकार गुन्हा आहे. बंदुकीनं मारा किंवा कुत्रा सोडून, गुन्हा तोच. मित्र घरी जातील, केस तुझ्या नवऱ्यावर राहील.

आता सासूबाई. त्यांचं म्हणणं उडवून लावू नकोस. निवांत बसून विचार, आजोबांचा कुत्रा बांधलेला असायचा का? चावला तेव्हा खात होता की झोपला होता? मला वाटतं उत्तर यातच निघेल. या जातीला परक्यानं अंगचटीला आलेलं आवडत नाही, झोपेत हात लावला तर दचकते. त्यात जन्म साखळीवर गेला की कुत्रा बिथरतो. धाकट्याला पहिल्या दिवसापासून दोन गोष्टी शिकव: खाताना जवळ जायचं नाही, झोपलेल्याला हात लावायचा नाही. चार वर्षांचं मूल विसरणारच, तेव्हा तुमच्यापैकी कुणीतरी जवळ हवं. थोरलीशी मात्र जिवाभावाची गट्टी जमेल बघ.

पिल्लू बघायला तूही जा. पिल्लाआधी त्याची आई बघ. ती घरात माणसांत वावरते का, तुम्ही गेल्यावर जरा लांब उभी राहून मग वास घ्यायला येते का? चालेल. दावं ताणून अंगावर येत असेल, किंवा कोपऱ्यात अंग चोरून थरथरत असेल, तर पिल्लू कितीही देखणं असो, परत फिरा. दोन महिन्यांच्या आतलं घेऊ नका. लसी आणि जंताचं औषध डॉक्टरांना विचारून सुरू करा. रेबीजची लस पिल्लू तीन महिन्यांचं झाल्यावर. पुढं कधी ऑपरेशनची वेळ आली तर हा साइटहाउंड, म्हणजे नजरेवर शिकार करणारा कुत्रा, आहे हे डॉक्टरांना आठवणीनं सांगा, कारण भुलीची काही औषधं या सडपातळ कुत्र्यांना जड जातात.

वाढल्यावर मागच्या दोन-तीन बरगड्या दिसतील. पाहुणे म्हणतील उपाशी ठेवता का. म्हणू देत, त्याची ठेवणच तशी. पोटभर खाल्ल्यावर लगेच पळवू नका. थंडीत अंगाखाली पोतं नाहीतर जुनी गोधडी हवी, नुसत्या फरशीवर कोपरं सोलून निघतात.

आणि पळणं रोज हवं, पहाटे, कुंपण असलेल्या रानात. ते कोण करणार हे नवऱ्याकडून आधी कबूल करून घे. जाळीचा खर्चही त्यांनी कुत्र्याच्या खर्चात धरायचा. तुझ्या अंड्यांच्या पैशाला हात लावायचा नाही.