कारखानाच सुरू नाही, मग बुकिंगचे पाच लाख कुणाकडे?

प्रश्न : मी धरमपेठेत राहतो. गेल्या वर्षी पाडव्याला वर्धा रोडवरच्या एका शोरूममध्ये परदेशी बनावटीच्या स्पोर्ट्‌स कारचं येणारं नवं मॉडेल बुक केलं, पाच लाख भरले. दिवाळीला गाडी दारात, असं सेल्समनने व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं होतं. दिवाळी गेली, संक्रांतही गेली. आता म्हणतात, कंपनीने उत्पादनच सुरू केलेलं नाही. दरम्यान भाव नऊ लाखांनी चढला. शोरूममध्ये उभी असलेली जुन्या मॉडेलची गाडी घ्या, नाहीतर बुकिंग रद्द करून दहा टक्के कापून उरलेले पैसे घ्या, असं सांगतात. मला गाडीच हवी आहे. काय करावं?

उत्तर : शेवटचं वाक्य तुम्ही सहज लिहिलंत, पण सगळं तिथेच अडतं. पैसे हवे असतील तर कायदा तुमच्या बाजूने बराच पुढे येतो. गाडीच हवी असेल तर तो फारसा कामाचा नाही. परदेशातला कारखाना सुरू करा, असा हुकूम नागपुरातला कोणताही ग्राहक आयोग देणार नाही.

उत्पादन लांबणं हे दरवेळी लबाडीचं लक्षण नसतं. अमेरिकेतल्या शेव्हरोले कॉर्व्हेटचं 2020 चं मॉडेल 2019 च्या अखेरीस कारखान्यातून निघायचं होतं. मध्येच कामगारांचा संप झाला आणि उत्पादन सुरू व्हायला फेब्रुवारी 2020 उजाडला. लगेच मार्चमध्ये कोरोनामुळे कारखाना बंद पडला आणि उरलेल्या कितीतरी ऑर्डरी पुढच्या वर्षीच्या मॉडेलवर ढकलल्या गेल्या. तेव्हा 'उशीर केला' एवढ्याच मुद्द्यावर डीलरला कोंडीत धरू नका, तो कारखान्याकडे बोट दाखवून मोकळा होईल. पाच लाख दाबून ठेवणं आणि वर दुसरीच गाडी गळ्यात मारणं हे मात्र त्याचं स्वतःचं काम आहे. भांडायचं ते इथे.

तुम्ही पाठवलेला बुकिंग फॉर्म पाहिला. डिलिव्हरीच्या तारखेची जागा कोरी आहे. मुदत ठरलेली नसेल तर 'वाजवी वेळेत' वचन पाळायचं, असं करार कायद्याचं कलम 46 सांगतं, आणि वाजवी म्हणजे किती हे वस्तुस्थितीवरून ठरतं. म्हणूनच तो व्हॉट्सअ‍ॅप संदेश सोन्यासारखा जपा. फोन बदलू नका, संभाषण पुसू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र जोडलं म्हणजे तो पुरावा म्हणून नीट उभा राहतो.

नऊ लाखांबद्दल मी खोटी आशा लावणार नाही. फॉर्मच्या मागच्या बाजूला, भिंग घेऊन वाचावं लागेल अशा अक्षरात, 'डिलिव्हरीच्या दिवशीचा भाव लागू' असं छापलेलं आहे आणि खाली तुमची सही आहे. भाव गोठवल्याचं वेगळं पत्र नसेल तर हा मुद्दा सोडून द्या.

दहा टक्क्यांचं तसं नाही. करार कायद्याच्या कलम 74 खाली नुकसानभरपाई मिळते ती करार मोडणाऱ्याकडून, तीही वाजवी तेवढीच. इथे करार तुम्ही मोडलेलाच नाही. गाडी त्यांनी दिली नाही, मग कापाकापी कशाची?

शोरूममधल्या गाडीला घाईने हो म्हणू नका. परदेशी कंपन्या पुढच्या वर्षीचं मॉडेल आदल्या वर्षीच बनवायला घेतात, त्यामुळे मॉडेलचं वर्ष आणि गाडी बनल्याचं वर्ष वेगळं असू शकतं. आपल्याकडे आरसी बुकावर निर्मितीचा महिना आणि वर्ष छापून येतं, आणि उद्या गाडी विकायला काढाल तेव्हा गिऱ्हाईक तेच पाहणार. घ्यायचीच ठरली तर चासी नंबर आणि फॉर्म 22 (गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याचं उत्पादकाचं प्रमाणपत्र) आधी मागून घ्या. भरपाईचा हक्क राखून ठेवत असल्याचंही ताबा घेण्याआधी लेखी कळवा. करार कायद्याच्या कलम 55 प्रमाणे उशिरा दिलेलं मुकाट्याने स्वीकारलं तर उशिराची भरपाई मागता येत नाही. आणि इथे तर वस्तूच बदलते आहे. 'माझी कसलीही तक्रार नाही' असा छापील कागद डिलिव्हरीच्या वेळी पेढ्यांच्या बॉक्सबरोबर पुढे सरकवतात, त्यावर सही करू नका.

पावतीवर नाव तुमच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचं आहे. 'हा ग्राहकच नाही, व्यापारी खरेदी आहे,' असा आक्षेप ते घेतीलच. पण संचालकाच्या वापरासाठी कंपनीने घेतलेली गाडी तेवढ्यानेच व्यापारी ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये सांगितलं आहे. तक्रार तुमच्या कंपनीच्या नावाने, संचालक मंडळाच्या ठरावासह करा. हा ठराव राहून गेल्याने विनाकारण तारखा पडतात.

आधी डीलर आणि भारतातली कार कंपनी दोघांनाही स्पीड पोस्टाने नोटीस द्या: पंधरा दिवसांत उत्पादनाची लेखी माहिती द्या, नाहीतर पूर्ण रक्कम व्याजासह परत करा. पैसे कोणाच्या खात्यात गेले ते बँकेच्या उताऱ्यावरून दाखवा, कारण 'आम्ही फक्त विक्रेते' आणि 'पैसे आम्ही घेतलेच नाहीत' हा चेंडू दोघं एकमेकांकडे टोलवत राहतात. उत्तर आलं नाही तर नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. कार कंपनीचं मुख्यालय मुंबईत असलं तरी तुमच्या राहत्या गावात ती चालते. आयोगाचं अधिकारक्षेत्र दिलेल्या रकमेवरून ठरतं आणि पाच लाखांपर्यंत शुल्क लागत नाही. तक्रारीत सेवेतली त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा एवढंच मांडा. 'अन्याय्य करार' हा मुद्दा घातलात तर तो जिल्हा आयोगाच्या हातात नाही, राज्य आयोगाकडे जावं लागेल.

मुदत दोन वर्षांची आहे. ती चुकलेल्या दिवाळीपासून धरा, म्हणजे वादच नको. डीलरशी पत्रव्यवहार चालू आहे म्हणून ती थांबत नाही. आणि आरटीओत पसंतीचा नंबर राखायला इतक्यात पैसे भरू नका. ठरलेल्या मुदतीत गाडी नोंदली नाही तर नंबरही जातो आणि शुल्कही.