सगळं हातात असताना खुर्ची सोडली कशी?

प्रश्न : आमच्या पारावर परवा जोरात वाद झाला. १९७७ ला इंदिराबाईंच्या हातात पोलीस, पेपर, रेडिओ सगळं होतं, मग हरल्या म्हणून खुर्ची कशी काय सोडली? आजकाल कोणी सोडेल का? (एक वाचक, चोपडा)

उत्तर : भाऊ, आजचं मी सांगत नाही, १९७७ चं सांगतो. निवडणूक टाळायची पूर्ण सोय होती बरं का. लोकसभेची मुदत १९७६ च्या मार्चमध्येच संपत होती, ती आणीबाणीत दोनदा वाढवली, वर ४२व्या घटनादुरुस्तीने मुदतच सहा वर्षांची केली. तरी १८ जानेवारी १९७७ ला निवडणूक जाहीर झाली, मला विचाराल तर आपणच जिंकणार असं वाटलं म्हणून. पेपरवर सेन्सॉर, जवळचे लोक हो ला हो करणारे, मग गावात काय चाललंय ते सरकारला तरी कोण सांगणार!

जेलातून सुटलेल्या विरोधी पुढाऱ्यांना जेमतेम दोन महिने मिळाले. चार पक्ष एक होऊन जनता पक्ष झाला आणि चक्रातला नांगरधारी शेतकरी हे चिन्ह घेऊन लढले.

आता खुर्चीचं. मतं काय दिल्लीत मोजत नाहीत. तेव्हा कागदाची मतपत्रिका, रबरी शिक्का, पत्र्याची पेटी, बूथवर ड्युटी लागलेले शाळेतले मास्तर, आणि मोजणीच्या टेबलासमोर दोन्हीकडचे एजंट, पेटीचं सील शाबूत आहे का ते डोळ्यात तेल घालून बघणारे. एवढ्या हातांतून गेलेला आकडा एका फोनवर फिरवणं सोपं नाही. रायबरेलीत खुद्द पंतप्रधान राजनारायणांकडून ५५ हजारांवर मतांनी पडल्या. त्याच निवडणुकीत आपलं जळगाव जनता पक्षाकडे गेलं पण नंदुरबार काँग्रेसकडेच राहिलं, मग मोजणी खोटी म्हणायला तोंड कुठे होतं? २१ मार्चला आणीबाणी उठली, २२ ला राजीनामा, २४ ला मोरारजींचा शपथविधी.

पारावर मात्र पुढचं कोणी बोलत नाही. नवीन सरकारने १९७८ ला ४४वी दुरुस्ती केली, मुदत परत पाच वर्षं, आणीबाणीसाठी 'अंतर्गत अशांतता' हे कारण काढून 'सशस्त्र उठाव' घातलं, शिवाय मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय सक्तीचा. आणि आपसात भांडून ते सरकार पडलं, १९८० ला लोकांनी इंदिराबाईंनाच परत आणलं, तेव्हा काळजीवाहू पंतप्रधान चरणसिंगांनीही गुपचूप खुर्ची रिकामी केली.