फाइल एकीकडे, फोन दुसरीकडे
तुझ्या सासूबाईंची केमो सुरू झाली म्हणालीस, म्हणून सांगते. आमच्या सासूबाईंच्या कॅन्सरच्या वेळी पहिले तीन महिने मी सगळं एकटीनं ओढलं. परळला टाटा हॉस्पिटलच्या ओपीडीत दिवसभर बसायचं, संध्याकाळी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत परतायचं, रात्री नातेवाइकांना तीच तीच उत्तरं द्यायची. एकदा दिरांनी फोनवर विचारलं, ‘वहिनी, दुसरा डॉक्टर बघितला का?’ आणि मी जिन्यातच बसून ओक्साबोक्शी रडले. राग त्यांचा नव्हता गं, झोपच नव्हती.

मग कामं वाटली. फाइल नि औषधं माझ्याकडे, पैशांचं दीर बघणार, नातेवाइकांना रोजचा निरोप नणंद देणार. सल्ले देणाऱ्याला एक दिवस ड्यूटी लावायची. सल्ले आपोआप आटतात!

थर्मामीटर उशाशी ठेव. केमोनंतर १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप दिसला तर सकाळची वाट बघू नकोस, लगेच हॉस्पिटल गाठ. हे पक्कं ठरल्यावर माझं रात्रभर कपाळ चाचपणं थांबलं. तरीही तुला धडधड होत राहिली तर १४४१६ वर टेलिमानसला, म्हणजे मानसिक आधाराच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन कर, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

आणि सासूबाईंसमोर उसनं हसू नकोस. आमच्या सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात ओळखलं होतं. म्हणाल्या, ‘ते राहू दे, तू जेवलीस का?’