गावकारभार : माघारीचा दिवस, आडवी बाटली आणि सरपंचबाईंचे यजमान

प्रश्न : ताई, मी सातारा जिल्ह्यातल्या एका लहान गावात राहते. आमची ग्रामपंचायत कायम बिनविरोध होते. देवळात बैठक बसते, नावं ठरतात आणि तेवढेच अर्ज जातात. यंदा मी आमच्या वॉर्डातल्या महिला राखीव जागेसाठी अर्ज भरला आणि तो छाननीत मंजूरही झाला. आता रोज कोणीतरी वडिलांना गाठून सांगतं, "पोरीला समजवा, गावात फूट पाडू नका." मी खरंच गावाची एकी मोडतेय का? — एक वाचक

उत्तर : आधी तू मला सांग, त्या देवळातल्या बैठकीला तू होतीस का? तुझी आई होती? बौद्धवाड्यातलं कोण होतं? मी ग्रामसेविका म्हणून लागले आणि पंचायत विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झाले. नोकरीत अशा बैठका पुष्कळ पाहिल्या. सभामंडपात सतरंजीवर कोण बसलंय, पायरीवर कोण टेकलंय आणि रस्त्यापलीकडे पारापाशी उभं राहून कोण ऐकतंय, एवढं पाहिलं की पाण्याची नवी टाकी कोणत्या आळीला होणार ते आराखडा न उघडता सांगता यायचं. पारापाशी उभ्या असलेल्यांना कोणी हाकललेलं नसतं हं. ते आपणहूनच तिथे थांबतात, त्यांचे वडीलही तिथेच थांबायचे. कायद्यात याला कलम नाही, आणि गावात मात्र यावाचून पान हलत नाही.

बिनविरोध निवड बेकायदा नाही. सरसकट वाईट आहे असंही मी म्हणणार नाही. एका वॉर्डातल्या दहा-वीस मतांसाठी सख्ख्या भावकीत डोकी फुटलेली मी पाहिली आहेत. निवडणुकीच्या पायी कर्ज काढणारे पाहिले आहेत. सगळ्यांना बोलावून, सगळ्यांचं ऐकून नावं ठरत असतील तर खुशाल ठरू देत. पण जागा तेवढेच अर्ज उरले की मतदानच होत नाही. 'नोटा'चं बटणही राहत नाही. पुठ्ठ्याच्या त्या आडोशामागे माणूस एकटा असतो. तिथे पाटील दिसत नाही, सासरा दिसत नाही, सोसायटीचा चेअरमन दिसत नाही. नाही म्हणायची ती एवढीच आडोशाची जागा, आणि बिनविरोधच्या नादात आपण नेमकी तीच बंद करतो. गावाची एकी खरी की धाकाची, हे तपासायला मग काही साधनच उरत नाही.

आणि ही एकी कधीकधी विकतही मिळते. जानेवारी २०२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकीत नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातलं खोंडामळी या दोन गावांत पदांचा चक्क लिलाव झाला. उमराण्यात देवळाच्या नावाने लागलेली बोली दोन कोटींच्या वर गेली होती. राज्य निवडणूक आयोगाने दोन्हीकडची निवडणूक रद्द केली. ते प्रकरण उजेडात आलं. छोट्या रकमेचे, सभामंडपाच्या फरशीएवढे लिलाव कोणाच्या कानावरही येत नाहीत.

आता तुझ्या कामाचं. खरी निवडणूक मतदानाच्या नव्हे, माघारीच्या दिवशी होते. तहसील कचेरीच्या आवारात सकाळपासून गाड्या लागतात, चहाच्या टपरीवर एकेकाला बाजूला घेतलं जातं, आणि दुपारी तीनची वेळ जवळ आली की मामा, आत्या, शाळेतले गुरुजी असे सगळे मोठ्या मायेने समजवायला येतात. लक्षात ठेव, माघारीच्या अर्जावर सही उमेदवाराचीच लागते, बापाची चालत नाही. आणि एकदा घेतलेली माघार परत फिरवता येत नाही. त्या दिवशी तिकडे फिरकायचंच नाही, हा उत्तम उपाय. कोरा फॉर्म सही करून कुणाच्या हातात देऊ नकोस, "नुसता राहू दे" म्हटलं तरी.

उभं राहणं, न राहणं, माघार घेणं हे तिन्ही कायद्याने मतदानाच्या हक्काइतकेच उमेदवाराचे हक्क आहेत. धमकी देऊन माघार घ्यायला लावणं हा भारतीय न्याय संहितेत गुन्हा आहे. आधीच्या दंड संहितेतही होताच. देवाचा कोप होईल अशी भीती घालणंसुद्धा त्यातच येतं. तेव्हा कोणी भंडारा उचलायला लावून शपथ मागितली तर हे त्याच्या कानावर घाल. तुमच्या समाजाच्या पंचांनी वाळीत टाकायची भाषा केली तर सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा आहे. विधिमंडळाने तो २०१६ मध्ये मंजूर केला, २०१७ मध्ये लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण पोरी, खरं सांगते, दळण न देणाऱ्या गिरणीवाल्याविरुद्ध साक्षीदार मिळवणं सोपं नसतं. म्हणून वॉर्डातल्या चार बायका आत्तापासून सोबत धर. निवडून येशील की नाही ते मी सांगू शकत नाही. अर्ज मात्र ठेव.

प्रश्न : आमच्या बचत गटाने ग्रामसभेत दारूचं दुकान बंद करण्याचा ठराव हात वर करून मंजूर करून घेतला. तरी दुकान चालूच. आता अधिकारी म्हणतात, मतदान घ्यावं लागेल. पुन्हा कशाला? — बचत गटाच्या अध्यक्षा

उत्तर : वैताग येणं साहजिक आहे, पण नियम तसाच आहे, आणि त्यात तुमचाच फायदा आहे. २००८ च्या नियमानुसार २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांचं निवेदन द्यायचं, सह्यांची पडताळणी होते आणि मग गुप्त मतदान. चिठ्ठीवर उभी बाटली आणि आडवी बाटली. दुकान बंद हवं तर आडवीवर शिक्का.

ग्रामसभेत वर गेलेले हात दुकानदारानेही मोजलेले असतात. ज्यांचे नवरे त्याच्याकडे उधारीवर पितात त्या बायका सभेत हात खालीच ठेवतात. आडोशामागे त्याच बायका काय करतात ते बघाच.

मेख पुढे आहे. झालेल्या मतांपैकी निम्मी नकोत, यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त हवीत. समजा यादीत ६०० बायका आहेत. ४०० आल्या आणि २९० जणींनी आडवी केली, तरी तुम्ही हरलात, कारण ३०१ लागतात. घरी राहिलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीत मोजली जाते. पुण्या-मुंबईला गेलेल्या सुना आणि यादीतून न कमी झालेली मयत नावंसुद्धा. मला हा नियम अन्यायाचा वाटतो, कारण सरपंच निवडायला अशी अट नाही. पण तो बदलेपर्यंत सभा-मोर्च्याआधी मतदारयादी घेऊन बसा. पडताळणीच्या दिवशीही सावध राहा, "ही सही तुमचीच का?" असं दारात साहेबाने विचारलं आणि मागे नवरा उभा असला की सही पुष्कळदा नाकारली जाते. बायकांना शाळेत एकत्र बोलावून पडताळणी करा, अशी लेखी विनंती आधीच द्या.

प्रश्न : माझी पत्नी राखीव जागेवरून सरपंच आहे. तिला कारभारातलं फारसं कळत नाही, म्हणून सह्या सोडून बाकी सगळं मीच बघतो. विरोधक टीका करतात. यात गैर काय? — एक वाचक

उत्तर : सह्या तरी सोडल्यात? बाईंच्या डिजिटल सहीचा पेनड्राइव्ह कुणाच्या खिशात असतो, ते लिहायचं राहिलं तुमच्याकडून.

१९९३ मध्ये ७३वी घटनादुरुस्ती लागू झाली तेव्हा बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या. जागा कायद्याने दिली, खुर्ची मात्र घरातल्या पुरुषाने ओढून घेतली. आणि बाई स्वतः कारभार बघू लागली की गाव तिच्यात खोट शोधू लागतं. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या महिला सरपंचांना अपात्र ठरवलं गेलं होतं. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचं पद कायम ठेवलं, आणि बाई सरपंच झाल्याचं गावाला पचलं नाही, असं निकालात नोंदवलं. एका सरपंचाला दिल्लीपर्यंत जावं लागलं.

पत्नीला कळत नाही म्हणता, तर तुम्हाला कोणी शिकवलं? मासिक सभेत बसून बसूनच ना? पुढच्या सभेला तुम्ही घरी थांबा. पहिल्या एक-दोन सभा अडखळत होतील, ग्रामसेवक (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं) वैतागतील. वैतागू द्या, सरपंचांना कागद समजावून सांगण्याचाच पगार मिळतो त्यांना.