पंधरा वर्षे जुन्या गाडीचे कूलिंग आणि एसीचे सर्व भाग एकदम बदलावेत का?

सर्व भाग एकदम बदलण्याची गरज नाही. आपण लिहिल्याप्रमाणे बडोद्यात सिग्नलवर थांबताच एसीची हवा कोमट होत असेल आणि तापमानाचा काटाही वर सरकत असेल, तर कॉम्प्रेसरवर (एसीचा वायू दाबणाऱ्या पंपावर) खर्च करण्याआधी रेडिएटरचा पंखा, त्याचा रिले (पंखा चालू-बंद करणारा विद्युत स्विच) आणि कंडेन्सरच्या (एसीच्या वायूतील उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाच्या) जाळीत साचलेली धूळ तपासावी. कारण कंडेन्सर रेडिएटरच्या पुढेच बसवलेला असतो आणि गाडी उभी असताना दोघांनाही हवा मिळते ती केवळ पंख्यामुळे.

रबरी होज (नळ्या), थर्मोस्टॅट (कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, प्रवाह नियंत्रित करणारी झडप) आणि रेडिएटरचे झाकण मात्र जुने असल्यास बदलून टाकावे, कारण ते तुलनेने स्वस्त असतात आणि त्यांच्या बिघाडाने इंजिनाचे हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या भागाखालचे सील) जाऊ शकते. कूलंटमध्ये नळाचे पाणी मिसळू नये.

एसीची वायूवाहिनी उघडावी लागलीच, तर ओलावा शोषून घेणारा ड्रायर आणि उघडलेल्या सांध्यांच्या ओ-रिंग (गळती रोखणाऱ्या रबरी कड्या) नवीनच घालाव्यात, आणि वायू भरण्यापूर्वी व्हॅक्यूम करून (आतली हवा पंपाने काढून) गळती तपासण्याचा आग्रह धरावा. गळती न शोधता दर उन्हाळ्यात नुसता गॅस भरून घेणे हा निव्वळ अपव्यय आहे, मग मेकॅनिक कितीही ओळखीचा असो.