गॅसची भूल की शिरेतली?

प्रश्न : वडील ७२ वर्षांचे आहेत. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन ठरलंय. गॅसच्या भुलेनं कॅन्सर उलटतो, शिरेतून प्रोपोफॉलच मागा, असं नातेवाईक सांगतात. आग्रह धरावा का?

उत्तर : आयुष्य वाढेल म्हणून धरू नका. ही भीती उगाच पसरलेली नाही. २०१६ साली लंडनच्या रॉयल मार्सडेन रुग्णालयातल्या सात हजारांवर रुग्णांच्या जुन्या नोंदी तपासल्या, तेव्हा गॅस मिळालेल्यांत मृत्यू जास्त दिसले. पण तिथे भूल निवडली होती त्या-त्या भूलतज्ज्ञानं. जास्त आजारी माणसं एकाच गटात गेली, तर दोष औषधाच्या माथी येतो. पुढे चीनमधल्या १४ रुग्णालयांत ६५ ते ९० वयाच्या सुमारे १,२०० जणांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करून निम्म्यांना प्रोपोफॉल, निम्म्यांना सेव्होफ्लुरेन हा गॅस दिला. साडेतीन वर्षांच्या पाठपुराव्यात प्रोपोफॉलच्या गटात ३१ टक्के दगावले, गॅसच्या गटात २९. हा फरक धरण्यासारखा नाही.

प्रोपोफॉलनं नंतरच्या उलट्या कमी होतात, हा फायदा खरा. मात्र ते सतत पंपातून जावं लागतं. चादरीखाली सुई शिरेबाहेर सरकली, तर औषध कातडीखाली साचतं आणि रुग्ण अर्धवट जागा होऊ शकतो. म्हणून तो हात दिसेल असा ठेवतात, कपाळावर मेंदूच्या लहरी मोजणारी पट्टी लावतात. वयस्करांना दोन्ही औषधं कमी लागतात. तरुणाला किलोमागे दोन मिलिग्रॅम प्रोपोफॉल लागत असेल, तर सत्तरीत एक-दीड पुरतं, तेही सावकाश. नाहीतर रक्तदाब एकदम कोसळतो.

मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या पुढाकारानं झालेल्या चाचणीत स्तनाची गाठ काढण्याआधी ७ ते १० मिनिटं तिच्याभोवती लिग्नोकेन हे जागा बधिर करणारं औषध (०.५ टक्के) टोचलं. पाच वर्षांनी ९०.१ टक्के स्त्रिया हयात होत्या, न टोचलेल्यांत ८६.४. उत्साह वाटावा असाच हा निकाल आहे, पण आतड्याच्या कॅन्सरला तो लावता येत नाही.

भूलतज्ज्ञांना विचारायचं ते हे : हिमोग्लोबिन पुरेसं आहे का, रक्त पातळ करणारी गोळी कधी थांबवायची, दुखणं कसं आटोक्यात ठेवणार. तंबाखू आजच बंद करा. चष्मा आणि श्रवणयंत्र वॉर्डात हाताशी ठेवा. शुद्धीवर आल्यावर दिसलं-ऐकू आलं, तर म्हातारी माणसं कमी भांबावतात.